मैनेच्या पाठीवर

क्रांती बावन्न वर्षांची होईपर्यंत कधी घोड्यावर बसली नव्हती. हे सांगितलं तर माहेरच्या गल्लीतल्या कुणाला पटलं नसतं, कारण तिचं सगळं लहानपण एका घोडीच्या पायाशी गेलं होतं.

मंगळवार पेठेत तिचे वडील केरबा वरातीची घोडी ठेवायचे. घोडीचं नाव तुळसा. अंगानं पांढरी, नाकावर तेवढा गुलाबी डाग. बँड, फटाके आणि नाचणारी पोरं यांच्यामधून ती मान न हलवता चालायची. लग्नसराईत एकेका दिवसात दोन-दोन नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवापर्यंत जायचे. झूल आणि कलगी केरबा चढवायचे, बाकी सगळं क्रांती बघायची. शाळेच्या आधी कडबा टाकायचा, भिजवलेले हरभरे द्यायचे, खरारा करून अंग चकचकीत करायचं, खूर उचलून त्यात अडकलेले खडे काढायचे. वरात निघायच्या आधी तुळसाच्या कानात कापसाचे बोळे घालायचं कामही तिचंच. दुसऱ्या कुणी कानाला हात लावलेला तुळसाला खपायचा नाही.

बसायचं मात्र नाही. रंकाळ्यावर घोडी धुवायला नेताना क्रांतीचे दोघे भाऊ पाळीपाळीनं वर बसायचे आणि ती बादली घेऊन मागून चालायची. आठ वर्षांची असताना तिनं वडिलांना विचारलं, दादा, मी कधी बसू? केरबांनी घराच्या दाराकडं बघितलं आणि दुसरंच काहीतरी बोलायला सुरुवात केली. बाराव्या वर्षी पुन्हा विचारलं, तेव्हाही तसंच झालं. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही. वराती सजवलेल्या मोटारीतून निघायला लागल्या, केरबांनी रिक्षा घेतली, आणि क्रांती दहावीत असताना तुळसा मलकापूरकडच्या एका पावण्याला देऊन टाकली. त्या दिवशी ती शाळेतून आली तर खुंट्याला नुसतं दावं लोंबत होतं.

पुढं चारचौघींसारखं सगळं झालं. लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून पुण्याला गेला. क्रांती राजारामपुरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर लागली. बावीस वर्षं ती पेशंटना नंबर देत होती आणि खुर्चीत बसायला घाबरणाऱ्यांना धीर देत होती. घोड्याचा संबंध कुठंच उरला नव्हता. पण रत्नागिरी रोडनं कधी जाणं झालंच, तर ती एसटीत खिडकीची जागा धरायची आणि मलकापूर जवळ आलं की शेतांकडं बघत राहायची. घोडी किती वर्षं जगते ते तिला चांगलं ठाऊक होतं. तुळसा कधीच गेली असणार. तरी लांब कुठं काही पांढरं दिसलं की ती सीटवरून अर्धी उठायची, आणि ती गाय निघायची.

मागच्या हिवाळ्यात दवाखान्याच्या डॉक्टर प्रियदर्शनी यांनी सगळ्या स्टाफला एका दिवसाच्या सहलीला नेलं. मलकापूरच्या अलीकडं आत एक शेत होतं. तिथं चुलीवरचं जेवण, हुरडा, बैलगाडी आणि नवख्या माणसांसाठी घोड्यावरचा अर्ध्या तासाचा फेरा मिळायचा. बांधाबांधानं ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. दोरी धरून माणूस पुढं चालणार, पावण्यानं नुसतं बसायचं.

दोरी धरणारा मल्लिकार्जुन साठीचा होता. तो कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावचा. तरुणपणी घोडागाडीच्या शर्यतीत घोडी पळवणारा, आता गुडघे दुखतात म्हणून इथं सावकाश चालणारा. त्याच्याकडं तीन घोडी होती. त्यांतली मैना नावाची तांबडी घोडी नवख्यांसाठी होती. आधी डॉक्टर बसून आल्या, मग दवाखान्यातल्या दोघी पोरी ओरडत, फोटो काढत बसून आल्या. क्रांती लांब उभी राहून मैनेच्या पोटाखालचा पट्टा बघत होती. तिची पाळी आली तेव्हा ती पुढं होऊन म्हणाली, "तंग ढिला हाय."

मल्लिकार्जुननं वाकून बघितलं. पट्टा खरंच सैल झाला होता. त्यानं तो आवळला आणि किती वर्षं घोड्यावर बसतासा, असं विचारलं.

"कधीच न्हाय," क्रांती म्हणाली.

त्याला थट्टा वाटली. पण तिनं मैनेच्या मानेवरून हात फिरवला, नाकाशी उघडा तळवा धरला, घोडीला तो हुंगू दिला, आणि त्याचं हसू थांबलं. तो तिला अक्का म्हणायला लागला.

घोडीवर बसायला बांधलेल्या ओट्यावर चढून तिनं रिकिबीत पाय घातला आणि दुसरा पाय पलीकडं टाकला. बसली. चाळीस वर्षं मनात हजार वेळा बसून झालं होतं, तसं हे अजिबात नव्हतं. खाली सगळं जिवंत होतं. मैनेनं एक पाऊल टाकलं तसं क्रांतीच्या मांड्यांखाली हाडं सरकली, जमीन विहिरीसारखी खोल वाटली आणि हातपाय गार पडले. दुसऱ्या पावलाला तिनं आयाळ मुठीत धरली. तिसऱ्याला म्हणाली, "मला उतरवा."

पोरी हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. मल्लिकार्जुननं तिला ओट्यापाशी आणून उतरवलं. ती खाली मान घालून निघाली तर तो म्हणाला, "अर्धा तास तुमचा हाय अक्का. चालत जाऊ."

मग मैना मधे, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला क्रांती, असे तिघं ओढ्यापर्यंत चालत गेले. वाटेत क्रांतीनं त्याला तुळसाबद्दल सांगितलं, अगदी कापसाच्या बोळ्यांपर्यंत सगळं. नवऱ्यालाही तिनं इतकं कधी सांगितलं नव्हतं. मल्लिकार्जुननं विचारलं, कुणाला दिलती घोडी? तिला नाव माहीत नव्हतं. वडिलांना तिनं विचारलं नव्हतं आणि बारा वर्षांमागं ते गेले.

"ती आता नसंल, अक्का."

"ठाऊक हाय."

"तरीबी बघतासा."

"व्हय," क्रांती म्हणाली, आणि मैना ओढ्याचं पाणी पीत होती तिकडं बघत राहिली.

पुढच्या रविवारी ती एकटीच एसटीनं तिथं गेली. घरी सांगितलं, आईकडं चालले. मल्लिकार्जुननं तिला घोडीवर बसा म्हटलं नाही. हातात खरारा दिला. मैनेचं अंग घासता घासता तिचा श्वास संथ झाला. मग नुसतं वर बसून उतरायचं, घोडी हलवायची नाही, एवढंच त्या दिवशी केलं. त्याच्या पुढच्या खेपेला दहा पावलं. एखाद्या रविवारी तेवढंही जमायचं नाही, तेव्हा ती पागा झाडून परत यायची. शेताचा मालक यशराज मल्लिकार्जुनला म्हणाला, ह्या बाईंना तू शिकवतोयस की कामाला ठेवलंयस?

खोटं बोलून जाणं मात्र तिला टोचत होतं. म्हणून एका दुपारी ती खरोखरच आईकडं गेली. चिमणाबाई आता ऐंशीच्या पुढं. दिवसभर उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसून असायच्या. क्रांतीनं चहा केला आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, दादांनी लहानपणी एकदा जरी बसवलं असतं तर ह्या वयात असं थरथरायची वेळ आली नसती.

चिमणाबाईंनी कप खाली ठेवला.

"त्यांनी न्हाय अडवलं तुला. मी अडवलं."

क्रांतीला आधी कळलंच नाही.

"तीनदा इचारलं त्यांनी मला. पोरगी घोडीसाठनी राबती, एकदा बसू दे म्हणालं. मी शपथ घातली. पेठंत चार लोकं बघणार, उद्या तुझं स्थळ बघताना हेच बोलणार. तिसऱ्या बारीला चिडलं, जेवलं न्हाईत. पर शपथ मोडली न्हाय."

क्रांती उठली. कप विसळून पालथे घातले आणि निघून आली. पंधरा दिवस ती आईकडं फिरकली नाही. राग आईचा होता, पण तो फार वेळ आईवर टिकेना. तिला राहून राहून आठवत होते ते केरबांचे शेवटचे तीन महिने. अंथरुणाला खिळलेल्या बापाला तिनं भाताची पेज भरवली होती, पाठ पुसली होती, आणि तेव्हाही मनाच्या एका कोपऱ्यात तो जुना सल धरूनच बसली होती. एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का? की आईचं नाव पुढं येऊ नये म्हणून तेव्हाही दाराकडंच बघितलं असतं? आता कुणाला विचारणार.

त्या पंधरवड्यानंतरच्या रविवारी ती पागेत गेली आणि खरारा न मागता म्हणाली, आज फेरा करायचा. मल्लिकार्जुननं तंग दोनदा तपासला. मैना चालायला लागली तसे तिचे हात गार पडले, पण तिनं उतरवा म्हटलं नाही. बांधावरनं, आंब्याच्या झाडाखालनं, उतारावर जरा मागं रेलून, मल्लिकार्जुन सांगेल तसं ती करत गेली. ओढ्यापाशी पोचल्यावर त्यानं न विचारता दोरी सोडली आणि दोन पावलं बाजूला होऊन उभा राहिला. लगाम तिच्या एकटीच्या हातात होता. मैना पाणी प्यायली, मान वर केली आणि आता काय, अशी उभी राहिली.

तेव्हा क्रांतीला वडील फार हवेसे वाटले. बसवलं नाही म्हणून नव्हे. त्यांनी आईला तीनदा विचारलं होतं हे कळलंय, एवढंच तिला त्यांना सांगायचं होतं. ती रडली. मल्लिकार्जुन पाठ फिरवून विडी शोधत राहिला, जी त्यानं दोन वर्षांपूर्वीच सोडली होती. मग क्रांतीनं डोळे पुसले, टाचांनी मैनेला हलकेच दाबलं, आणि परतीचा अर्धा रस्ता दोरी न लावता पार केला.

आता ती महिन्यातले दोन रविवार जाते. मैना थोडी दुडकी धावली तरी ती बसून राहते. भीती गेलेली नाही. तीही तिच्याबरोबर बसते आणि तिच्याबरोबर उतरते. मलकापूरकडच्या शेतांत पांढरं काही दिसलं की अजूनही ती खिडकीतून वळून बघते.

आईकडं ती पुन्हा जायला लागली. पहिल्या दोनतीन वेळा दोघींनी तो विषय टाळला. मग एका दुपारी चिमणाबाईंनीच विचारलं, अजून जातीस का घोडीकडं? क्रांती म्हणाली, जाते. रस्त्यावरनं टेम्पो गेला, भाजीवाली हाक मारून गेली.

"त्या तुळसाला मी कधी हात न्हाय लावला," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आलो तवापासनं लई वाटायचं. एकदा वर बसून बघावं. कुणाला बोलणार?"

क्रांतीनं आईकडं बघितलं. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. चिमणाबाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय जवळ घेतले, पदर सारखा केला आणि हळू आवाजात विचारलं, "वरनं काय दिसतंय गं?"

क्रांती सांगायला लागली. घोडीचे दोन कान दिसतात, त्यांच्या मधून वाट दिसते. उसाचे तुरे खालून आभाळाला टेकल्यासारखे वाटतात, वरनं बघितलं तर हातात येतील असे असतात. त्यांच्या पलीकडं एक शेड आहे, तिच्या पत्र्यावर कुणीतरी लाल मिरच्या वाळत घातल्यात. त्याच्याही पलीकडं डोंगर. चिमणाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. क्रांती थांबली तसं त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "आनि?"