खाज येते काय?

चांदूर रेल्वेच्या आठवडी बाजारात, मिरचीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला तो पोतं अंथरून बसतो. पुढ्यात तरोट्याचं बी, कडुनिंबाची साल आणि करंजाच्या तेलाच्या बाटल्या असतात. माझं गजकर्ण दर पावसाळ्यात डोकं वर काढतं, म्हणून त्याची माझी इतक्या वर्षांची ओळख. नाव मात्र मी कधी विचारलं नाही.

कोणीही येवो, त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "खाज येते काय?" येते म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. तरोट्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावायला सांगतो आणि वर दम देतो, "नखं कापा पयले."

पण चट्ट्याला खाज येत नाही असं कोणी म्हटलं, की तो सोडलेली पुडी पुन्हा बांधून टाकतो. "हे माह्या पाल्याचं काम नाही. सरकारी दवाखान्यात जाय, आजच जाय. तिथं गोळ्यानं बरं होते." एकदा एक बाई रडकुंडीला आली, तरी त्यानं तिला औषध दिलं नाही.

परवा माझी पुडी बांधताना त्याची बाही वर सरकली. कोपराखाली फिकट, गुळगुळीत चट्टा होता. त्याचाच प्रश्न मी त्याला विचारला, "काका, खाज येते काय?"

"येते ना, लय येते," म्हणत तो मला दाखवायला तिथं कराकरा खाजवू लागला. रक्त आलं, तरी तो माझ्याकडे बघून हसतच होता. मी हाताकडे बघितलं, तेव्हा कुठे त्यानं बघितलं.