पाण्याला बसायची जागा

लग्न होऊन शिळफाट्याच्या चाळीत आले, तेव्हा समोरच्या बाईंच्या दारापुढचा खड्डा बघून मला नवल वाटलं. परातीसारखा पसरट खड्डा, त्यात अळू आणि काठाने कर्दळ. पावसाळ्यात हायवेवरून वाहत येणारं पाणी तिथे थांबायचं, हळूहळू मुरायचं. आमच्या उंबऱ्यापर्यंत ते पोचायचंच नाही. हिवाळ्यात मोरीच्या पाण्यावर कर्दळ लालभडक फुलायची. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की बाई पदर खोचून बसायच्या आणि खुरप्याने माती भुसभुशीत करायच्या. त्यांचं अळू खाल्लं नाही असं चाळीत एकही घर नव्हतं.

एका वैशाखात मालकाचा मुकादम माणसं घेऊन आला. खड्डा बुजवून अंगणभर सिमेंटचा कोबा करायचा होता. बाई सरळ खड्ड्यात जाऊन बसल्या.

"उठा मावशी, पाणी गटारातून जाईल," मुकादम म्हणाला.

"गटार तर दर साली तुंबतंय. पाण्याला बी बसाया जागा लागते रं बाबा. तुमी नाय दिली, तर ते आमच्या घरात येऊन बसंल."

मी तान्ह्या मुलीला घेऊन गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. मग आणखी दोघी आल्या. मुकादमाला हसूच आलं. कोबा झाला, पण खड्डा सोडून.

माणसं गेल्यावर बाईंनी माझ्या साडीची माती झटकली. "इतके दिस समोर राहतेस, तुझं नाव काय गं?"

मी सांगितलं. त्यांचं विचारायचं मात्र राहूनच गेलं.