पाण्याची गोळी आणि सभात्याग

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी एक सभा उधळली. तिचा अध्यक्ष मीच होतो.

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या चौकात शनिवारी संध्याकाळी सभा ठरली आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव निघालं. (काळा कोट दुसऱ्या कोणाकडे नव्हता.) जन्मात पहिल्यांदा माइक मिळणार! मी आरशासमोर असा गरजू लागलो, की खालच्या मजल्यावरचं तान्हं पोर झोपेना. त्या गरजण्यातच एकदा माझा घोळणा फुटून नाकातून रक्त आलं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, पारा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"ब्लडप्रेशर! याच्यावर गोळ्या तऱ्हेतऱ्हेच्या. कुठली डोकं शांत करते, कुठली शिरा सैल करते, कुठली अंगातलं जादा पाणी काढते. तुम्हाला आपली डोकं शांत करणारी सर्पगंधा. गुण सावकाश येईल."

"सावकाश म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत?"

"काही आठवडे लागतील. तोवर ओरडायचं नाही."

घरी येताच बायकोनं, सुमननं, निकाल दिला. "प्रेशर उतरलं तर भाषण. नाहीतर गॅलरीत माझ्याशेजारी बसून ऐकायचं!"

शनिवार उजाडला तरी माझा चेहरा टोमॅटोसारखा लाल. दुपारी शेजारच्या बापूंची बायको झाकलेली वाटी घेऊन आली. बापू म्हणजे चाळीचे घोषणा देणारे, आणि त्यांनाही प्रेशर! आमटी असेल म्हणून मी झाकण काढलं, तर आत गोळ्या.

"यांच्या नव्या पाण्याच्या गोळ्या, भाऊजी. फोर्टातून आणल्यात. घेतल्या की कसं हलकं वाटतं!"

आता, शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत करायची आमच्याकडे पद्धत नाही. सुमननं त्याच वाटीत माझ्या सर्पगंधाच्या गोळ्या घालून ती बापूंकडे पोचती केली. दोन्ही घरं खूश! मी दोन गोळ्या घेतल्या. (एक भाषणासाठी, एक समारोपासाठी.) थोड्या वेळानं सुमननं माझी नाडी धरली, चेहरा निरखला आणि म्हणाली, "जा. पण बेतानं हं!"

चौक गच्च भरला. बापू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि पहिल्या घोषणेआधीच घोरू लागले. (त्यांनीही माझ्या सर्पगंधाच्या दोन घेतल्या होत्या.) दादरहून आलेले पाहुणे वकील बोलायला उभे राहिले.

"मंडळी, जरा दमानं घेऊ. दिल्लीचीही काही बाजू असेल..."

नेमक्या त्याच क्षणी माझ्या पोटात गोळी कामाला लागली! मी मुठी आवळल्या. ओठ चावले. कपाळावर घाम.

"अध्यक्ष संतापले बघ!" समोरून कुजबूज आली.

वकील दिल्लीची दुसरी बाजू सांगू लागले आणि मी ताडकन उठलो. चौकाच्या मागच्या टोकाला संडास. मी तडक तिकडे!

"सभात्याग! अध्यक्षांनी सभात्याग केला!"

अख्खा चौक माझ्या मागे. "मुंबई आमचीच!"

"अहो, मागे येऊ नका! मी एकटा जातो!"

"ऐकलंत? एकटे लढायला निघालेत! आम्ही साथ सोडणार नाही!"

मी आत शिरून कडी घातली. बाहेर घोषणांचा कल्लोळ.

"अध्यक्ष, बोला!"

"जरा थांबा!"

"आता थांबणार नाही! घेतल्याशिवाय राहणार नाही!"

दार धडधडत होतं. घेण्यासारखं आत काहीही नव्हतं!

बऱ्याच वेळानं बाहेर आलो, तर गळ्यात हार पडला आणि मंडळींनी मला खांद्यावरून थेट घरी पोचवलं. वकील केव्हाच पसार झाले होते. माइकपाशी एकटे बापू घोरत होते आणि ते घोरणं मात्र चारी मजल्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. माझं भाषण कोटाच्या खिशातच राहिलं.

पुढे काही दिवसांनी परळहून दोन कार्यकर्ते घरी आले.

"साहेब, आमच्या सभेला अध्यक्ष म्हणून तुम्हीच हवेत."

मला गहिवरून आलं. मी भाषणाचे कागद काढले, घसा खाकरला.

"छे छे, भाषण नको," त्यातला एकजण अदबीनं म्हणाला. "तुम्ही फक्त मधेच तसे उठून चालू लागा!"