मागचे पंधरा फूट

शहराची हद्द वाढत होती आणि बहादरपुरच्या बाजूची केळीची शेतं एकेक करून कॉलन्या होत होती. त्याच वर्षांत आम्ही शनवाऱ्यातलं भाड्याचं घर सोडून तिकडे राहायला गेलो. आमचं घर शेवटच्या रांगेत होतं. माझी खोली घराच्या अगदी मागे, मी दहावीत असताना पप्पांनी वाढवून बांधलेली. खिडकीतून हात बाहेर काढला की केळीचं पान हाताला लागायचं.

शेत एका काकांचं होतं. ते आमच्याशी फारसं बोलत नसत. कधीतरी भिंतीवरून आईला केळफूल द्यायचे, तेवढंच. पण त्यांनी फवारणी केली की वास थेट स्वयंपाकघरात यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा. डास तर बारा महिने. एकदा शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरात साप निघाला आणि त्या आठवड्यात अख्खी रांग आमच्या बैठकीत जमली. शेतवाल्याने स्वतःच्या शेतातली पंधरा फूट जागा मोकळी सोडावी असं ठरलं. घरं आणि शेत यांच्यात एवढं अंतर ठेवायचा नियम आहे, हे कोणीतरी कुठेतरी ऐकलं होतं. कोणी ठेवायचं, ते कोणी विचारलं नाही.

तहसील कचेरीत द्यायचा अर्ज मी लिहायचा होता, कारण रांगेत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. आमच्याकडे कचेरीचं काम हिंदीत चालतं, पण काकू म्हणाल्या, "इंग्रजीतच दे गं. हिंदी अर्ज तर कोणी पण देतं." चारचौघांत मला बोलता येत नाही, पण लिहिता येतं. मी चांगला लिहिला. सगळ्यांनी न वाचताच सह्या केल्या आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

महिनाभराने एका दुपारी काका भिंतीपाशी आले. हातात त्याच अर्जाची झेरॉक्स. घरात मी एकटी होते. पंधरा फूट म्हणजे त्यांच्या काठाच्या तीन ओळी; झाडांवर घड होते, अजून भरायचे होते, आणि आता तोडले तर फुकट जाणार होते. सुनावणीची तारीख लागली होती.

"त्यांनी इंग्रजीत लिहिलंय, बेटा," ते म्हणाले. "मग जवाब पण इंग्रजीतच द्यावा लागंल ना."

झेरॉक्सवर माझी अक्षरं मला उलटीसुद्धा ओळखू येत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या लिहून देते.

नियम नक्की काय आहे ते बघावं म्हणून मी कपाटातून घराची फाइल काढली. रजिस्ट्रीच्या मागे कॉलनीचा नकाशा आणि त्यासोबत एक इंग्रजी टिपण होतं. शेवटची रांग आणि शेत यांच्यामध्ये पंधरा फुटांची पट्टी, झाडं लावण्यासाठी. ती कॉलनीच्या जागेत होती, शेताच्या नाही. नकाशात आमचं घर स्वयंपाकघरापाशीच संपत होतं. पुढे बारीक हिरव्या रेघा. मी ज्या पलंगावर बसून ते वाचत होते, तो त्या रेघांमध्ये होता. आमच्याच काय, अख्ख्या रांगेच्या मागच्या खोल्या त्यातच होत्या.

मी ते सगळं काकांच्या उत्तरात लिहिलं. तोंडाने मला ते जन्मात जमलं नसतं. इंग्रजीत लिहिताना दुसरंच कोणीतरी बोलतंय असं वाटतं. अक्षर थोडं तिरकं काढायचा प्रयत्न केला, पण चार ओळींनंतर हात थकला आणि आपल्या वळणावर आला. पप्पांना काहीच सांगितलं नाही.

सुनावणीला रांगेतर्फे पप्पा गेले आणि अर्ज वाचून दाखवायला मला घेऊन गेले. कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला.

"हॅण्डरायटिंग तो एक ही है."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही. मग काकांनी हळूच विचारलं, "पहिला पण तूच लिहिला होता का, बेटा?"

मी मान हलवली.

साहेबांनी नकाशा पसरला आणि काकांना समजावून सांगितलं: पट्टी मोकळी करायची तर या रांगेच्या मागच्या खोल्या पाडाव्या लागतील, तशी मागणी लेखी द्या. काका नकाशावर वाकले. आमचं घर कुठलं, ते त्यांनी विचारलं. पप्पांनी बोट ठेवलं. काका म्हणाले, "राहू द्या, साहब. माझ्या ओळी राहू द्या, बस."

आपसी समझौता झाला, असं लिहून साहेबांनी दोघांच्या सह्या घेतल्या. फवारणी लोक कामावर गेल्यावर करायची, असं ठरलं. परत येताना शनवाऱ्यात गर्दीत स्कूटर थांबवावी लागली. पप्पा मागे न बघता म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस." ते कुठल्या कागदाबद्दल म्हणत होते, मी विचारलं नाही.

घड उतरले. त्यानंतर काकांनी काठाच्या दोन ओळी स्वतःच काढल्या आणि तिथे शेवरी लावली. वारा अडवायला या भागात बागेभोवती शेवरी लावतातच, पण त्यांनी ती आमच्या अंगाला जास्त दाट लावली. वर्षभरात ती खिडकीच्या वर गेली. फवारणीचा वास पुष्कळ कमी झाला. मग शेवरीचा पाला अंगणात पडतो म्हणून काकू नवा अर्ज लिहून मागायला आल्या. मी म्हटलं, दुकानातून टाइप करून घ्या.

केळफूल अजून येतं, पण आता ते पुढच्या दाराने, आईच्या हातात. शेवरीच्या सावलीमुळे माझी खोली दुपारी गार असते. पलीकडे कोणी चाललं की पाला वाजतो, आणि मी खिडकी लोटून घेते.