बांगडा गुरगुरला

राणेंनी बँडेज बांधलेला अंगठा थेट माझ्या नाकासमोर धरला. "मॅडम, चार महिन्यांचं पिल्लू, आणि न भुंकता, न गुरगुरता डायरेक्ट चावतं. इंजेक्शनं चालू आहेत माझी. असलं कुत्रं चाळीत नको."

राणे लालबागच्या त्या चाळीचे सेक्रेटरी. मी कुत्र्यांच्या वागण्याची कन्सल्टंट. अँटॉप हिलच्या आमच्या कॉलनीत मला 'कुत्र्यांची बाई' म्हणतात. राग येतो, पण पत्ता सांगायला बरं पडतं.

मला बोलावलं होतं वैशाली सावंतने. तिची आई गेल्यापासून वडील, म्हणजे भाऊ, कॉटवरून उठतच नव्हते. हे पिल्लू घरात आलं, त्याचं नाव बांगडा ठेवलं, आणि भाऊ त्याला घेऊन दिवसातून दोनदा जिने उतरू लागले. आता चाळ म्हणत होती, पिल्लाला गावी पाठवा. पिल्लू गेलं की भाऊ पुन्हा कॉटवर जाणार, हे वैशालीला स्वच्छ दिसत होतं.

"माझो बांगडो तसो नाय गो बाय," भाऊ मला सारखे सांगत होते.

मी राणेंना विचारलं, "चावला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"काही नाही! कॉटखाली बसला होता. लाडाने बाहेर ओढला."

ओढला. शब्द डायरीत लिहून घेतला आणि पिल्लाचे व्हिडिओ मागितले.

व्हिडिओ ढिगाने होते. पिल्लू आलं त्याच आठवड्यात मजल्यावरच्या बायकांनी त्याचं रीतसर बारसं केलं होतं. पाळणा, फुगे, घुगऱ्या, सगळं. चाळीत तान्हं बाळ जसं या मांडीवरून त्या मांडीवर जातं तसं हेही फिरलं. बारसं संपलं, फिरणं संपलं नाही. दारावरून जाणारा प्रत्येक जण त्याला उचलून घ्यायचा. शूटिंग बहुतेक राणेंचं, चाळीच्या ग्रुपवर टाकायचे तेच.

मी व्हिडिओ आवाज बंद करून बघते. आवाज असला की लक्ष माणसांच्या हसण्याकडे जातं, कुत्रं दिसतच नाही. सगळे तारखेप्रमाणे लावले आणि दुसऱ्या दिवशी सावंतांच्या खोलीत राणेंना समोर बसवून दाखवले.

पहिल्यात बांगडा कुणाच्या तरी मांडीवर जांभई देतो.

"झोप आलेली त्याला," राणे म्हणाले.

"आत्ताच तर उठलाय. ही 'मला सोडा' म्हणणारी जांभई."

पुढच्यात तो ओठांवरून जीभ फिरवतो. भूक लागली समजून त्याला बिस्किट भरवलं जातं. मग तो मान वळवतो, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतं.

"पण शेपटी हलतेय की," वैशाली म्हणाली.

हलत होती, पण ताठ, आणि अंग लाकडासारखं. खूश पिल्लाचं मागचं अख्खं अंग हलतं, नुसती शेपटी नाही. शेपटीवर विश्वास ठेवून चावून घेतलेली माणसं मी भरपूर पाहिलीत.

चौथ्या व्हिडिओत मी आवाज चालू केला. बांगडा गुरगुरला. एकदाच, हळू. लगेच पेपरची गुंडाळी नाकावर बसली. "गप्प! मोठ्यांवर आवाज?" पाठोपाठ हशा. त्यानंतरच्या एकाही व्हिडिओत तो गुरगुरत नाही.

"हा आवाज कुणाचा?" मी विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

राणेंनी बँडेजवरून बोट फिरवलं. "माझाच."

"गुरगुरणं म्हणजे त्याचा हॉर्न. तो तुम्ही काढून घेतलात. मग तो धडकणारच ना?"

मी चाळीच्या पुढच्या मीटिंगपर्यंत एक महिना मागून घेतला आणि नियम सांगितले. उचलायचं नाही. कॉटखालची जागा त्याची, तिथे हात घालायचा नाही. लाड करायचे तर बाजूला बसून, छातीवर, मोजून तीन सेकंद, आणि थांबायचं. तो पुन्हा जवळ आला तर चालू ठेवा, नाही आला तर विषय संपला. गुरगुरला तर ओरडायचं नाही, मागे व्हायचं.

भाऊंनी दारात खुर्चीच टाकली. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांचा आवाज ऐकू यायचा, "तीन झाले गो, हात काढ!"

मीटिंग गॅलरीत होती. पट्टा वैशालीच्या हातात. राणे सगळ्यांसमोर खाली बसले आणि जुन्या सवयीने त्यांचा हात वरून थेट डोक्याकडे गेला. बांगडा ताठला आणि गुरगुरला.

"बघा! गुरगुरला!" मागून कुणीतरी ओरडलं. भाऊंचा चेहरा पांढरा पडला.

मला मात्र नाचावंसं वाटत होतं. "हो, गुरगुरला! चावला नाही. राणे, हात मागे."

राणेंनी मुकाट्याने हात मागे घेतला. बांगड्याने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. ताण उतरला की कुत्री असं करतात. मग त्याने राणेंची पँट हुंगली, वळला आणि त्यांच्या गुडघ्याला पाठ टेकून बसला. राणेंनी त्याच्या छातीवर हात ठेवला. "एक, दोन, तीन," म्हणून काढला. बांगड्याने नाकाने तो हात पुन्हा वर ढोसला.

अख्खी गॅलरी हसली. "राहू दे त्याला," राणे म्हणाले. विरोधात एकही हात वर झाला नाही. भाऊ उघडउघड रडत होते आणि माझेही डोळे कोरडे नव्हते.

कुत्रं गुरगुरलं की लोक घाबरून मला फोन करतात. मी म्हणते, अभिनंदन, ते अजून तुमच्याशी बोलतंय. फोन करायचाच तर ते बोलायचं थांबल्यावर करा.