तिसरा खिळा

आपल्या हाताला जे उत्तम साधले आहे, त्याच्याविषयीच शंका घेणे मनुष्यस्वभावाला फार जड जाते. जे येत नाही त्याची कबुली आपण सहज देतो. तिला विनय म्हणवून घेण्याची सोयही असते. परंतु ज्या कर्मात चाळीस वर्षे नावाजले गेलो, त्यातच दहा माणसांदेखत ‘चूक माझी’ असे म्हणण्यास जे अंतःकरण लागते, ते ग्रंथाध्ययनाने लाभतेच असे नाही. विद्वत्सभांतून ते क्वचितच दृष्टीस पडते. एका नालबंदाच्या पडवीत मात्र ते एकदा लख्ख दिसले होते.

या नालबंदांना सारी गल्ली ‘थांबाकाका’ म्हणे. कोणी कितीही घाईने घोडा आणो, काकांचा पहिला शब्द ‘थांबा’ हाच. मग दोन्ही हात पाठीशी बांधून ते त्या जनावराभोवती सावकाश प्रदक्षिणा घालीत. देवालयात शिरलेल्या माणसाच्या मुद्रेवर जो भाव असतो, तो त्यांच्या मुद्रेवर घोड्यासमोर येई. काकू म्हणत, “लग्नाच्या वेळीसुद्धा हे ‘थांबा’ म्हणून मला एक चक्कर मारून बघतील, याचा मी धसकाच घेतला होता!”

समोरच कपडे धुण्याचा कारखाना होता. तो चालवणाऱ्या बाईंचा नवरा वारल्याला तीन वर्षे झाली होती, आणि दवाखान्याच्या चादरींचे ओले गठ्ठे वाहणारी त्यांची करडी घोडी हाच त्या संसाराचा कणा होता. काकांनी तिला नवे नाल ठोकले, आणि चौथ्या दिवशी ती पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागली.

सूज नाही, पाय हाताला गरम लागत नाही, काटा नाही, जखम नाही. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवला आणि खुराशी येऊन विचारले, “काका, नाल काढून बघू या का?”

“डॉक्टर, तो नाल माझ्या हातचा आहे,” काका म्हणाले. “खाली बघण्यासारखं काही नाही. तुम्ही वर शोधा.”

डॉक्टरांच्या वडिलांचे घोडेही काकांच्याच हाताखालून गेलेले. डॉक्टर निमूटपणे उठले आणि वर शोधू लागले.

अशा रीतीने त्या एका वाक्याने सर्वांची दृष्टी खुरावरून उचलली गेली. घोट्याला पट्टी झाली, गुडघ्याला शेक झाला, खांद्याला तेल झाले. शेजारचा शिंपी म्हणाला, “तिला कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही.” निवृत्त मास्तरांनी निदान केले, की दुखणे मनाचे आहे. करडी मात्र आठ दिवसांच्या या शुश्रूषेने चांगले बाळसे धरून लंगडत होती.

बाईंना हसू येत नव्हते. दुसरे जनावर बांधायला जागा नव्हती आणि चादरी कोणासाठी खोळंबत नव्हत्या. लंगडी जनावरे उचलणारा दलाल शनिवारी येणार होता. त्याच्यामागून गेलेले जनावर पुन्हा कोणाच्या नजरेस पडले नव्हते. “काका, शनिवारपर्यंत उतार पडला नाही, तर माझा नाइलाज आहे,” असे बाई म्हणाल्या तेव्हा त्यांनी घोडीकडे पाहण्याचे टाळले होते. काकांना ते त्यांच्या बोलण्याहून अधिक लागले.

शुक्रवारी दुपारी काका पायरीवर चहा घेत बसले होते. आत सून भाता ओढीत होती. बाई करडीला पाणी पाजून परत आणीत होत्या. कारखान्यामागची वाट मातीची, गल्ली दगडी फरशीची. काकांनी डोळे मिटले होते. मातीवर पावले जवळजवळ सारखी पडत होती. फरशी लागली, आणि दर चौथ्या टापेत खोट आली.

दुखणे खांद्यात असते, तर मऊ माती आणि कठीण दगड यांत इतका भेद कशाला पडता? कपबशी ओठांशीच राहिली.

“थांबा,” काका पुटपुटले.

“कोण आलंय?” काकूंनी आतून विचारले.

“कोणी नाही. मीच.”

उठून त्यांनी करडीचे पाऊल दोन गुडघ्यांत धरले आणि हातोडीच्या टोकाने खिळ्यांवर एकेक टिचकी मारीत गेले. पहिला, दुसरा... घोडी स्वस्थ. आतल्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्यावर टिचकी पडताच तिने असा हिसडा दिला, की काका मागच्या मागे लोखंड विझवायच्या पाण्याच्या टोपात जाऊन बसले.

गल्ली खो खो हसली. शिंपी ओरडला, “काका, तुम्हीच थांबायला हवं होतं!” काका मात्र टोपात बसल्या बसल्याच हसत होते, आठ दिवसांत प्रथमच.

“सूनबाई, चिमटा आण. आणि डॉक्टरांना कोणीतरी बोलवा.”

डॉक्टर येईपर्यंत त्यांना नाल ठोकतानाचा तो क्षण आठवला. खिळा कठीण भागातून जातो तेव्हा हातोडीखाली त्याचा नाद खणखणीत येतो. आतल्या जिवंत भागाच्या जवळ सरकला, की नाद बोदा होतो. त्या दिवशी तिसऱ्याच खिळ्याला कोणी गिऱ्हाईक म्हणाले होते, “काय हात आहे काकांचा!” आणि काकांचा कान खिळ्यावरून उठून त्या शब्दांपाशी गेला होता.

डॉक्टर आले. निथळत्या कपड्यांनिशी काका सर्वांसमोर उभे राहिले. “खिळा जिवंत भागाला टेकलाय. घुसला नाही म्हणून रक्त नाही. पण वजन पडलं की दाबतो. चूक माझी. तुम्हाला बघू दिलं नाही, ती त्याहून मोठी चूक.”

“त्या मोठीत अर्धा वाटा माझा,” डॉक्टर म्हणाले. “मी विचारलं आणि गप्प बसलो.”

बाई एकदम म्हणाल्या, “काका, आठ दिवस मी तिचा खांदा चोळतेय! आता माझेच खांदे भरून आलेत!”

“ये इकडे, तुझे मी चोळते,” काकू म्हणाल्या, आणि बाईंना हसू फुटले.

खिळा निघाला, त्याचे टोक ओलसर काळे होते. खूर कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला, कोंड्याचे पोटीस बांधून वर गोणपाट गुंडाळले.

शनिवारी दलाल आला, तेव्हा करडी अजून किंचित लंगडत होती. बाईंनी काकांकडे पाहिले. पूर्वीचे काका ‘माझा शब्द आहे’ म्हणाले असते. ते म्हणाले, “माझ्यावर विसंबू नकोस. सोमवारी फरशीवर तूच कान देऊन ऐक.”

“खिळा उपटून लंगडं जनावर चालतं होय!” दलाल फिसकन हसला, आणि हसता हसता जरा जवळ सरकला. करडीने त्याची टोपी उचलून चावावयास घेतली.

“आज जा बाबा,” बाई म्हणाल्या. “सोमवारनंतर बघू. आणि टोपी? ती सोडेल तेव्हा मिळेल.”

सोमवारी करडी फरशीवरून चालली. बाई डोळे मिटून उभ्या होत्या. चारही टापा सारख्या पडल्या. बाईंनी डोळे उघडले ते भरलेले होते, पण तोंडाने त्या म्हणाल्या एवढेच, “चल गं, गठ्ठे वाट बघतायत.”

काकांनी तो खिळा ऐरणीच्या वर, नजरेसमोर, भिंतीत ठोकून ठेवला. कोणी हाताची स्तुती करू लागले, की ते हातोडी खाली ठेवीत, बोलणे पुरते संपू देत आणि मगच पुढचा खिळा उचलीत. असे आणखी अकरा वर्षे चालले.

काकांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. हातोडी सुनेच्या हाती आहे. खिळा भिंतीत आहे. त्या पडवीत प्रत्येक खिळ्यावर टिचकी मारून झाल्याखेरीज घोड्याचा पाय खाली सोडला जात नाही.