विस्तव मागायला येणाऱ्या बायका

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे ते दिवस. लालबागच्या आमच्या चाळीत सकाळी पहिली शेगडी पेटायची ती माझी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मग डोळ्याला डोळा तरी कशाला लागणार? उजाडताना माझे कोळसे फुलायचे आणि बायका पळीत नाहीतर फुटक्या ताटलीत विस्तव न्यायला यायच्या. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवायचं नाही. विस्तवाला मात्र सगळ्यांना मीच लागायची. "उठलीस का गं?" एवढं जरी कुणी विचारलं, तरी माझा दिवस निघायचा.

मग एकेकीकडे स्टोव्ह आले. रॉकेल ओतलं, काडी लावली, झालं. धूर नाही, राख नाही. वखारवाला कुरकुरायचा, "गिरण्या विजेवर चालतात, गाड्याही विजेवर, आता घराघरात रॉकेल. कोळसा घेणार कोण, तुम्ही एकट्या?" त्या 'एकट्या'चा मला असा राग यायचा की दोन दिवस मी वखारीकडे फिरकायची नाही.

शेवटी एकच यायची, समोरच्या खोलीतली मालवणकडची म्हातारी. "विस्तव दी गो," म्हणत उंबऱ्यात टेकायची, गावच्या चार गोष्टी सांगायची. तिच्यासाठी मी मूठभर कोळसे जास्तच घालायची.

एकदा ती तपकिरीची डबी माझ्याकडे विसरली. द्यायला गेले तर दार उघडंच. आत स्टोव्ह फरफरत होता, वर चहाचं आधण. मी दिलेले निखारे मोरीत पाणी ओतून विझवलेले.

"कधी घेतलात?"

"झिलान दिवाळेक हाडल्यान," ती खाली बघत म्हणाली. मुलाने दिवाळीत आणला होता. आता शिमगा आला होता.

"मग रोज माझ्याकडे कशाला येता?"

"तू एकटी रवतंस गो."

माझं डोकंच फिरलं. "मला कुणाची कीव नको. उद्यापासून येऊ नका," म्हणाले आणि डबी आदळून निघून आले.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली नाही. समोर सात-आठ पावलांवर तिचं दार. एक हाक मारली असती तर आली असती. माझा मेला ताठा, नाही मारली. शेगडीपाशी बसून रडले मात्र पुष्कळ.

महिन्याभराने मीही स्टोव्ह घेतला. एका कप चहासाठी एवढी शेगडी कोण पेटवतं?